फ्रेंच फ्राइज मऊ का पडतात आणि वेजेस आतून कच्चे का राहतात

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बटाटे सोलून, कापून, अर्धा तास पाण्यात ठेवून आणि दोनदा तळूनही त्यांचे फ्रेंच फ्राइज दहा मिनिटांत मान टाकतात. मागच्या खेपेस तर ते बाहेरून तांबूस-काळपट झाले आणि आतून कच्चट राहिले. ओटीजीत (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) केलेले पोटॅटो वेजेस, म्हणजे बटाट्याच्या जाड फाका, कडांना करपतात आणि मध्ये दडस राहतात. ऑगस्टअखेरीस मुलाच्या वाढदिवसाला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पंचवीस मुले येणार आहेत, तर कॉर्नफ्लोअर लावावे की तेल बदलावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात एकोणीस वर्षे घरगुती ऑर्डरी घेते आणि शनिवार-रविवारी न्याहारीच्या पदार्थांचे वर्ग चालवते. हा प्रश्न माझ्याकडे दर पावसाळ्यात येतो आणि मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ येतच नाही. निम्मे उत्तर इथेच आहे. तेल आणि कॉर्नफ्लोअर या पुढच्या गोष्टी झाल्या; दोष बहुतेक वेळा बटाट्यात असतो आणि उरलेला दोष पाणी काढून टाकण्याच्या घाईत असतो.

बटाट्यात साधारण ऐंशी टक्के पाणी असते. उरलेल्या घन भागात मुख्यतः स्टार्च असतो आणि थोडी साखर असते. तळताना काडीच्या पृष्ठभागातले पाणी वाफ होऊन निघून जाते, तिथला शिजलेला स्टार्च वाळून कडक पापुद्रा धरतो आणि आतला गर मऊ, भुसभुशीत राहतो. हा पापुद्रा पुरेसा जाड आणि कोरडा झाला तरच आतली वाफ त्याला लगेच ओला करू शकत नाही. पाणीदार बटाट्यात घन भागच कमी, त्यामुळे पापुद्रा पातळ होतो. आणि साखर जास्त असलेल्या बटाट्याला पापुद्रा धरण्याआधीच रंग चढतो. रंग आला म्हणून आपण काड्या बाहेर काढतो, तेव्हा पाणी अजून आतच असते. ताईंचे फ्राइज एकाच वेळी काळपट आणि कच्चट झाले, त्याचे कारण नेमके हे आहे.

आता ही साखर पावसाळ्यात येते कुठून? उत्तर भारत आणि गुजरातमधला मुख्य बटाटा जानेवारी ते मार्चच्या सुमारास काढला जातो आणि त्यातला बराचसा शीतगृहात जातो. तिथे तो दोन ते चार अंशांवर ठेवला की मोड येत नाहीत, पण त्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होऊ लागते. जुलै-ऑगस्टमध्ये तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून आपल्या भाजीवाल्यापर्यंत येणारा ‘आग्रा’ बटाटा बहुधा असाच महिनोन्‌महिने थंडीत राहिलेला असतो. भाजीला किंवा वड्याला त्याने काही बिघडत नाही, उलट थोडा गोडसर लागतो. तळायला मात्र तो फसवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागांतून खरिपाचा नवा बटाटा येऊ लागतो. त्याची साल नखाने सुटते आणि चव छान असते, पण तो कोवळा आणि पाणीदार असल्यामुळे फ्राइजसाठी थोडा जुना होऊ द्यावा लागतो. घरच्या फ्रीजमध्ये बटाटे ठेवण्याची सवय असेल तर तेही छोटे शीतगृहच समजावे. तळायचे बटाटे फ्रीजमध्ये ठेवूच नयेत.

हा धडा मी महाग मोल देऊन शिकले आहे. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी श्रावणात एका वाढदिवसाची ऑर्डर होती. आठ किलो बटाटे मी एकाच व्यापाऱ्याकडून घेतले. दिसायला मोठे, स्वच्छ, टणक. पहिला घाणा कढईत सोडला आणि दोन मिनिटांत काड्यांच्या कडा गुळाच्या पाकासारख्या लालभडक झाल्या. गॅस कमी केला तर त्या तेल पिऊ लागल्या, वाढवला तर कडू झाल्या. शेवटी ते बटाटे उकडून त्यांचे पॅटिस केले आणि यजमानांची क्षमा मागितली. त्या दिवसापासून एक बटाटा तळून पाहिल्याशिवाय मी ऑर्डरीचा माल उचलत नाही.

ही परीक्षा वेफर्सवाले नेहमीच करतात आणि ती घरी सहज जमते. भाजीवाल्याकडून आधी दोनच बटाटे आणावेत. एकाच्या मधल्या भागाची पातळ चकती काढून, पुसून, चांगल्या तापलेल्या तेलात सोडावी आणि तिच्याकडे नीट पाहत उभे राहावे. सुरुवातीला चकतीभोवती दाट, पांढरे बुडबुडे उसळतात. ती वाफ असते. हळूहळू बुडबुडे विरळ होतात, आवाज खाली जातो आणि शेवटी एखाददुसरा बुडबुडा कडेने सुटतो. बुडबुडे थांबले तेव्हा चकती पिवळसर असेल तर बटाटा तळणाचा आहे. बुडबुडे जोरात चालू असतानाच ती तपकिरी झाली तर त्यात साखर आहे. तसा बटाटा घेऊ नये, किंवा घेतलाच असेल तर टोपलीत, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी दहा-पंधरा दिवस पसरून ठेवावा. उबेत त्यातली बरीचशी साखर कमी होते. वाढदिवसाला अवधी असल्याने ताईंना हा मार्ग मोकळा आहे.

दुसरी परीक्षा घन भागाची. एक लिटर पाण्यात सुमारे १२० ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्यात धुतलेला बटाटा सोडावा. बुडाला तर तो पिठूळ, म्हणजे फ्राइजचा; तरंगला तर पाणीदार, म्हणजे रश्श्याचा. एकाच ढिगातले दोन बटाटे वेगवेगळे वागतात हे पाहून वर्गातल्या मुलींना मोठी गंमत वाटते.

जातीचे नाव विचारता आले तर जरूर विचारावे, जरी किरकोळ विक्रेत्याला ते ठाऊक असतेच असे नाही. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास वेफर्ससाठी ‘कुफ्री चिप्सोना-१’ १९९८ मध्ये आणि फ्राइजसाठी ‘कुफ्री फ्रायसोना’ २००९ मध्ये प्रसारित केली. या जातींत घन भाग जास्त आणि साखर कमी असते. ‘चिप्सोना’ हे नाव घाऊक बाजारात चांगलेच ओळखीचे आहे. ‘ज्योती’ मध्यम, तर ‘पुखराज’ लवकर येणारा, पाणीदार आणि तळणाला कच्चा. नाव कळले नाही तर लांबट, मोठा, खरबरीत सालीचा, वजनाला जड बटाटा निवडावा. हिरवट झालेला किंवा मोड फुटलेला बटाटा तळणातच काय, कशातच वापरू नये.

कापण्याबद्दल एवढेच की काडी साधारण एक सेंटिमीटर चौकोनी असावी आणि सगळ्या काड्या सारख्या असाव्यात. बाजारातल्या बारीक काड्यांची नक्कल घरी करू नये. त्या घरच्या कढईत वेफर्ससारख्या वाळतात. कापलेल्या काड्या दोन-तीन पाण्यांतून, पाणी नितळ होईपर्यंत धुवाव्यात. कापताना पेशी फुटून बाहेर आलेला स्टार्च त्यात निघून जातो. तो राहिला तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि तो आधी जळतो. अर्धा तास पाण्यात ठेवणे चांगलेच, पण साखरेच्या बटाट्याला थंड पाणी पुरत नाही.

इथे मी जी पायरी सांगते ती बहुतेक जण वगळतात. दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घालावे, त्यात एक किलो काड्या घालून पाणी उकळीला आणावे आणि मग मंद उकळीवर आठ-दहा मिनिटे ठेवावे. काडी आतून शिजलेली पण अखंड हवी. सुरीचे टोक विनाअडथळा आत जावे आणि उचलल्यावर काडी थोडी वाकावी, तुटू नये. आम्लामुळे पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून काड्या शिजूनही फुटत नाहीत. शिवाय गरम पाण्यात पृष्ठभागाजवळची साखर बरीच उतरते आणि रंग सावकाश चढतो. वाळवणाचे वेफर्स करताना आपल्या आज्या-आत्या पाण्यात तुरटी फिरवायच्या, त्यामागचा हेतूही चकत्या पांढऱ्या आणि घट्ट राहाव्यात हाच होता. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो. तळल्यावर आंबट चव राहत नाही.

काड्या चाळणीत उपसून सुती पंचावर एकेरी थरात पसराव्यात आणि पंख्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे ठेवाव्यात. गरम काडीतून वाफ निघत असते. तिला निघू द्यावे, वरून कापड झाकू नये. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत तासभरही लागतो. बोट लावल्यावर पृष्ठभाग कोरडा, किंचित पिठूळ लागला की काड्या तळणाला तयार झाल्या.

पहिले तळण १५० ते १६० अंशांवर, तीन मिनिटे. या तळणात रंग येऊ द्यायचा नाही. काडी फिकटच राहते, फक्त तिच्यावर पातळ कातडी धरते. सव्वा लिटर तेलात एका वेळी दोनशे-अडीचशे ग्रॅमपेक्षा जास्त काड्या टाकू नयेत, कारण गार, ओलसर माल भरभरून टाकला की तेलाचे तापमान झपाट्याने खाली येते, काड्या तळण्याऐवजी तेलात उकडल्या जातात आणि तेलकट होतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर घेणे या कामात खरोखरच फायद्याचे आहे. तो नसेल तर एक काडी सोडून पाहावी : १५० च्या आसपास ती तळाशी जाऊन संथ बुडबुडे सोडते आणि सावकाश वर येते, १८५ ला ती सोडताक्षणी चुर्र करून उसळते.

पहिल्या तळणानंतर काड्या जाळीवर निववाव्यात. कमीत कमी अर्धा तास. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवता आल्या तर फारच उत्तम. गार होताना शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि कातडी बळकट होते. गोठताना आतल्या पाण्याच्या बर्फाने पेशी फुटतात, त्यामुळे दुसऱ्या तळणात पाणी लवकर सुटते आणि आतला गर अधिक हलका होतो. कारखान्यातले गोठवलेले फ्राइज याच क्रमाने होतात : गरम पाण्यातून काढणे, वाळवणे, अर्धवट तळणे, गोठवणे. ताटात एकेरी पसरून आधी कडक करावेत, मग पिशवीत भरावेत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. तळताना ते बाहेर काढून वितळू देऊ नयेत. फ्रीझरमधून थेट तेलात टाकावेत, पण घाणा लहान ठेवावा.

दुसरे तळण १८० ते १९० अंशांवर, साधारण तीन मिनिटे. इथे घड्याळापेक्षा कान जास्त उपयोगी पडतो. आवाज उतरला, झाऱ्याने हलवताना काड्या एकमेकींवर खडखडू लागल्या आणि रंग सोनेरी पिवळा झाला की काढाव्यात. याहून गडद करू नयेत. जास्त तापमानाला आणि कोरडेपणात, रंग चढवणाऱ्या त्याच प्रक्रियेतून बटाट्यात ॲक्रिलअमाइड नावाचे, आरोग्याला अपायकारक समजले जाणारे द्रव्य तयार होते, हे स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. पिवळ्या फ्राइजमध्ये ते कमी आणि तपकिरीत जास्त असते. साखर कमी असलेला बटाटा आणि गरम पाण्याची पायरी यांचा हा आणखी एक फायदा.

तेलाबद्दल विचारले आहे म्हणून सांगते : रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल यांपैकी काहीही चालेल. घाण्याचे शेंगदाणा तेल चवीला उत्तम, पण ते लवकर धुरावते, म्हणून दुसऱ्या तळणाला ते मी वापरत नाही. तेच तेल पुन्हापुन्हा तापवण्यावर कायद्याचीही मर्यादा आहे. तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे पुन्हापुन्हा तापवल्याने तेल बिघडून त्यात वाढणारी द्रव्ये, २५ टक्क्यांहून जास्त झाले तर ते व्यावसायिक वापरातून काढावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. घरी हे मोजता येत नाही, पण तेल गडद झाले, फेस मोडेना, वास येऊ लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर निघू लागला की ते टाकावे.

कॉर्नफ्लोअरला माझा विरोध नाही, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. ते बाहेरून स्वतःचा पापुद्रा धरते; तो कुरकुरीत असतो, पण चव पिठाची येते, आणि आत चुकीचा बटाटा असेल तर दहा मिनिटांनी तोही ओला होतो. एअर फ्रायरमध्ये मात्र ते उपयोगी आहे. उकडून वाळवलेल्या अर्धा किलो काड्यांना एक मोठा चमचा तेल आणि एक मोठा चमचा तांदळाचे पीठ किंवा कॉर्नफ्लोअर चोळावे, एकेरी थर लावावा आणि २०० अंशांवर अठरा ते बावीस मिनिटे, दोन-तीनदा हलवून भाजावेत. बास्केट गच्च भरली की वाफ कोंडते आणि सगळे मुसळ केरात जाते.

वेजेसची गोष्ट वेगळी आहे, आणि खरे सांगायचे तर घरच्या पाहुण्यांसाठी मला तेच जास्त आवडतात. फाक जाड असल्यामुळे कच्ची भाजायला ठेवली तर उष्णता मध्यापर्यंत पोहोचेपर्यंत कडा करपतात. ताईंचा अनुभव हाच आहे. म्हणून ती आधी उकडायचीच, आणि इथे फ्राइजच्या उलट करायचे. फ्राइजला पृष्ठभाग अखंड हवा. वेजेसला तो खरबरीत हवा. सालीसकट नीट घासून धुतलेल्या मध्यम बटाट्याच्या आठ फाका कराव्यात. दोन लिटर उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून त्या आठ-नऊ मिनिटे उकडाव्यात. सोड्यामुळे पेक्टिन लवकर सुटते आणि फाकेची बाहेरची बाजू पिठूळ होते. पाणी पूर्ण निथळून फाका त्याच गरम पातेल्यात दोन मिनिटे वाफ जाईपर्यंत ठेवाव्यात, एक किलोला तीन मोठे चमचे तेल घालावे, झाकण लावून पातेले दोन्ही हातांनी चांगले हिसळावे. झाकण उघडल्यावर फाकांवर तेल आणि बटाट्याच्या पिठाचा लपका दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर पुन्हा हिसळावे. भाजल्यावर त्याच लपक्याचा खमंग, कुरकुरीत थर होतो.

ओटीजी २२० अंशांवर निदान पंधरा मिनिटे आधी तापवावा, ट्रेही आतच तापू द्यावा. फाका कापलेली बाजू खाली ठेवून, एकमेकींना न चिकटवता मांडाव्यात. वीस मिनिटांनी उलटाव्यात, त्या वेळी दार थोडे उघडे ठेवून कोंडलेली वाफ जाऊ द्यावी, आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटे भाजाव्यात. वीस मिनिटांच्या आधी उलटायला गेल्यास थर ट्रेला चिकटून राहतो. लाल तिखट, लसूण पावडर आणि वाळलेले हर्ब सुरुवातीपासून लावू नयेत. २२० अंशांवर ते जळून कडू होतात. शेवटच्या पाच मिनिटांत थोड्या तेलात कालवून लावावेत.

मीठ नेहमी तळल्यावर, गरम असतानाच लावावे. आधी लावले तर ते पाणी ओढून बाहेर आणते. मीठ मिक्सरमधून बारीक करून घेतले तर काडीला नीट धरते. चाट मसाला किंवा पेरीपेरी वाढायच्या क्षणी भुरभुरवावी. तळलेले फ्राइज टिश्यू पेपरवर ढीग करून, वर ताट झाकून ठेवणे हीच ते मऊ करण्याची हमखास रीत आहे. जाळीवर पसरावेत, उघडे ठेवावेत, थांबायचेच असेल तर १०० अंशांच्या ओटीजीत दहा-पंधरा मिनिटे. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत याहून जास्त वेळ कोणतीही युक्ती टिकत नाही.

आता वाढदिवस. दर मुलामागे ऐंशी ग्रॅम धरले तर तयार फ्राइज दोन किलो लागतील. दोनदा तळल्यावर वजन जवळपास निम्मे होते, म्हणजे कापलेल्या काड्या चार किलो आणि साल, टोके धरून बटाटे पाच किलो. बटाटे पंधरा दिवस आधी घेऊन, चकती तळून पाहून, टोपलीत उबेत ठेवा. आदल्या दिवशी दुपारी उकडणे, वाळवणे आणि पहिले तळण उरकून काड्या फ्रीझरमध्ये टाका. जागा कमी पडली तर शेजारच्यांचा फ्रीझर मागा, निम्मा माल तिथे जाईल. वाढदिवसाच्या दिवशी एका कढईत दुसरे तळण करायला पाऊण ते एक तास लागेल आणि पहिले फ्राइज तोवर मऊ पडतील, म्हणून दोन कढया लावा, अर्ध्या तासात काम होईल. क्लबहाउसमध्ये गॅस असेल तर तळण तिथेच करा. नसेल तर फ्राइजचा हट्ट सोडून वेजेस करा. घरून भाजून नेलेले वेजेस कोमट झाले तरी चांगले लागतात, आणि डब्याला झाकण मात्र लावू नका.